तेल पडल्यावर पगार कधी अडकतो? ओमानमधल्या तेजी-मंदीबद्दल

जुना_रुवीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न आज टाकतोय, निमित्त पुतण्याचं आहे.

मी २००६ ते २०१७ मस्कतला होतो, एका बांधकाम कंपनीच्या लेखा विभागात. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) आता पुतण्याला तिथल्याच दुसऱ्या एका कंत्राटदाराकडून ऑफर आलीय. वहिनी रोज फोन करतात, "भावोजी, तुम्ही एवढी वर्षं काढलीत तिथे. आत्ता जाऊ देऊ की थांबवू?"

जो तो सांगतो की तेलाचा भाव बघा आणि ठरवा. माझा अनुभव मात्र उलटा आहे. जून २०१४ मध्ये बॅरल ११० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१५ मध्ये ते ५० च्या खाली. ऑफिसात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आणि तेच २०१५ साल मी पाहिलेलं आमच्या कंपनीचं सगळ्यात मोठ्या उलाढालीचं वर्ष निघालं! नवे डंपर घेतले, कॅम्पात खाटा पुरेनात म्हणून पोर्टा केबिन मागवल्या. छाटणी सुरू झाली २०१६ चा उन्हाळा संपल्यावर. माझा नंबर लागला २०१७ मध्ये, तोवर बॅरल परत ५० च्या आसपास आलेलं होतं. म्हणजे भाव पडताना ठेवून घेतलं आणि सावरताना घरी पाठवलं.

त्याआधी २००८ मध्ये तर जुलैत १४७ डॉलर आणि डिसेंबरात ४० च्या खाली. आम्हाला ते जाणवलंसुद्धा नाही.

तर या चक्राला काही चाल आहे का, की आपण मागाहून गोष्ट जुळवतो? आणि पोराने नक्की काय बघून ठरवावं?

आगाऊ_कार्टं

पहिला! मुदीरचा (साहेबाचा) चेहरा बघावा. तो स्वतःहून कराक चहा पाजायला लागला की बॅग भरावी.

सरासरी_माणूस

चांगला धागा. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे लांबण लागेल, आधीच माफी.

तुमचा अनुभव उलटा नाही, अगदी पुस्तकी आहे. ओमानसारख्या देशात तेलाचा भाव थेट कोणाच्या खिशात जात नाही. तो आधी सरकारच्या तिजोरीत जातो आणि तिथून खर्च होऊन बाहेर येतो. २०१४ पर्यंत तिथल्या सरकारी उत्पन्नातल्या पाच रियालांतले चार तरी तेल आणि वायूचे होते. त्यामुळे बाजारातली तेजी-मंदी ही खरं तर सरकारी खर्चाची तेजी-मंदी. भाव आणि खर्च यांच्यामध्ये बऱ्याच टाक्या आहेत. नळ बंद केला तरी टाकीतलं पाणी काही काळ येत राहतं.

पहिली टाकी छोटी. ओमानच्या तेलाचा अधिकृत विक्रीभाव दुबईच्या एक्स्चेंजवरच्या महिन्याच्या सरासरीवर ठरतो आणि तो लागू होतो दोन महिन्यांनंतरच्या मालाला. म्हणजे दोन महिने तिथेच गेले. दुसरी टाकी मोठी, अर्थसंकल्प. २०१५ चा अर्थसंकल्प मांडला तेव्हा भाव कोसळलेला दिसत होता, तरी खर्च १४ अब्ज रियालच्या वरच ठेवला. का? तर २०११ आठवा. फेब्रुवारीत सोहारला निदर्शनं झाली आणि सरकारने ५० हजार नोकऱ्या जाहीर केल्या. पुढे २०१३ मध्ये ओमानी लोकांचं किमान वेतन २०० वरून ३२५ रियाल झालं. असा खर्च एकदा वाढला की खाली येत नाही. तिसरी टाकी साठवलेल्या निधीची आणि कर्जाची. भाव पडला तरी दोनेक वर्षं निधीतून काढून आणि बाहेरून उचलून निभावता येतं. २०१६ मध्ये तूट ५ अब्ज रियालच्या वर गेली आणि २०१७ च्या मे महिन्यात एस अँड पी या पतमानांकन संस्थेने ओमानचं मानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या खाली ढकललं. तुमची नोकरी त्याच वर्षी गेली ना? टाकी तेव्हा रिकामी झाली.

२००८ जाणवलं नाही, कारण टाकी आटायच्या आत पाऊस आला. २०११ पर्यंत भाव परत शंभरावर होता.

शंकेखोर

सर, टाकीची उपमा झकास, पण "चक्र" या शब्दालाच माझी हरकत आहे. चक्र म्हणजे तेजीतच मंदीचं बीज असतं: जास्त गुंतवणूक, जास्त माल, मग घसरण. इथे तसं काय आहे? १९८६ मध्ये सौदीने उत्पादन वाढवलं, १९९८ मध्ये आशियातलं संकट, २०१४ मध्ये अमेरिकेतलं शेल खडकातलं तेल, २०२० मध्ये कोविड. यातलं काहीही मस्कतमध्ये ठरलेलं नाही. दुसऱ्याच्या घरातली भांडणं आणि यांच्या घरातली भांडी फुटतात. याला चक्र नाही, धक्के म्हणतात.

सरासरी_माणूस

@शंकेखोर, अर्धं मान्य. धक्का बाहेरचा, पण त्याचा हेलकावा किती मोठा होतो ते घरातच ठरतं. भाव चढले की खर्च वाढवायचा, पडले की कात्री लावायची, असं सरकारच चक्राच्या दिशेने धावतं. वर चलन डॉलरला बांधलेलं. जानेवारी १९८६ मध्ये रियालचं सुमारे दहा टक्के अवमूल्यन केलं, तेव्हापासून एक रियाल म्हणजे २.६० डॉलर, हललेलाच नाही. त्यामुळे व्याजदर अमेरिकेच्या मागोमाग. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने दर वाढवायला सुरुवात केली तेव्हा ओमानमध्ये तेलाचा मुडदा पडलेला होता. कर्ज स्वस्त व्हायला हवं तेव्हा महाग होऊ लागलं. हा भाग घरचाच.

खमंगकाकू

मला यातलं फारसं कळत नाही, पण रुवीकर, तुम्ही रुवीत कुठे होता? आम्ही ९४ ते २००१ वादी कबीरला होतो. मत्रहच्या मासळीबाजारातून शुक्रवारी सकाळी सुरमई आणायची, तशी सुरमई आजवर पुण्यात मिळाली नाही.

जुना_रुवीकर

काकू, रुवी हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत. आणि सुरमईचं नाव काढू नका, इथे गणपतीनंतर सात दिवस कळ काढलीय.

@सरासरी_माणूस, टाकीचं पटलं. पण माझ्या टेबलावर चित्र जरा वेगळं दिसायचं, ते लिहितो. सरकारने खर्च कमी केला असं आम्हाला कधी कोणी कळवलं नाही. काम बंद करा असंही नाही. फक्त बिलं थांबली. दर महिन्याला झालेल्या कामाचं बिल जायचं, सल्लागार सही करायचा, खात्याकडे जायचं. २०१४ मध्ये पैसे साधारण दोन महिन्यांत यायचे. २०१५ च्या शेवटी चार-साडेचार महिने. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मी स्वतः काढलेला आकडा होता २११ दिवस. कागदावर कंपनी नफ्यात होती! येणी भरपूर, बँकेत खडखडाट. मग सिमेंटवाल्याचे पुढच्या तारखांचे चेक फिरवून घ्यायचे, मग डिझेलवाल्याचे, आणि सगळ्यात शेवटी पगार. आधी स्टाफचा पाच तारखेचा वीस तारखेला, मग कॅम्पातल्या कामगारांचा दोन-दोन महिने.

म्हणून २०१५ ची ती मोठी उलाढाल. काम आधी घेतलेलं होतं, ते चालू होतं. मस्कतचं नवं टर्मिनल २०१८ च्या मार्चमध्ये उघडलं, बातिना एक्स्प्रेसवेही त्याच वर्षी. त्या कामांची कंत्राटं तेलाच्या चांगल्या दिवसांतली. २०१६ मध्ये कोणी रस्त्यावरून गेला असता तर म्हणाला असता, काय तेजी आहे! सगळीकडे क्रेन.

हिशेबी_हरी

इतका विचार कशाला? नॉर्वेकडे बघा. तेलाचा पैसा निधीत टाकायचा आणि त्याच्या परताव्याइतकंच खर्चायचं. आधी चार टक्के, २०१७ पासून तीन टक्के. प्रश्न मिटला. शिस्त नाही म्हणून ही वेळ येते.

शंकेखोर

आला, नॉर्वे आला! चौदाव्या प्रतिसादापर्यंत धीर धरेल असं वाटलं होतं.

रिगवरचा

हरिभाऊ, नॉर्वेला १९६९ मध्ये एकोफिस्क सापडलं तेव्हा त्यांच्याकडे जहाजं होती, कारखाने होते, संसद होती, प्रत्येक खेड्यात शाळा होती. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा अख्ख्या ओमानात तीन शाळा आणि दहाएक किलोमीटर डांबरी रस्ता होता असं सांगतात. अशा देशाने तेलाचा पैसा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात ठेवून मुलांना खजुराखाली शिकवायचं होतं का? राखीव निधी त्यांनीही १९८० मध्येच काढला होता. पण ज्या घरात छप्परच नाही तिथे एफडी किती करणार?

दुसरं, सगळे नुसते भावाबद्दल बोलताय. मी वाळवंटात नऊ वर्षं काढली, आमच्या बाजूचंही ऐका. उत्पन्न म्हणजे भाव गुणिले बॅरल. ओमानचं उत्पादन २००१ च्या सुमाराला दिवसाला साडेनऊ लाख बॅरलच्या वर होतं. २००७ मध्ये ते सात लाखांच्या थोडं वर उरलं. जगात भाव चढत होता आणि आमच्या विहिरी पाणी ओकत होत्या. यिबाल हे त्यांचं सगळ्यात मोठं क्षेत्र, तिथे आडव्या विहिरी खणून आधी भरपूर काढलं आणि मग पाणी घुसलं. देशातलं उरलेलं तेल बरंचसं काकवीसारखं. मुखैझनाला वाफ सोडून ते पातळ करायचं, मरमूलला पाण्यात पॉलिमर मिसळून ढकलायचं. सौदीत भोक पाडलं की तेल येतं, ओमानमध्ये प्रत्येक बॅरलची मनधरणी करावी लागते. म्हणून भाव पडला की इथे दुहेरी मार, कारण खर्च पडत नाही.

तरी त्याच मनधरणीने २०१५-१६ मध्ये उत्पादन दहा लाखांच्या आसपास नेलं. आणि गंमत बघा, त्या वर्षांत स्थिर किमतींचा (भावातला चढउतार वगळून मोजलेला) जीडीपी वाढतोय, चालू किमतींचा घसरतोय. एकाच देशाची एकाच वर्षी तेजी पण आणि मंदी पण. सर, हे कसं शिकवता पोरांना?

सरासरी_माणूस

दंडवत! परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवतो आणि लगेच वर्गातून निघतो. 😀

खरं सांगायचं तर अशा देशांत स्थिर किमतींचा जीडीपी बघून काहीच कळत नाही. ओमान ओपेक या तेल उत्पादक देशांच्या संघटनेत नाही, पण २०१७ पासून ओपेक प्लस या मोठ्या गटाच्या उत्पादन कपातीत सामील आहे. कपात केली की उत्पादन कमी, म्हणजे आकडा खाली. पण त्याच कपातीने भाव टिकला तर तिजोरीत पैसा जास्त. आकडा रडतो आणि अर्थमंत्री हसतो.

वाळूतली_वेल

मी अजून मस्कतमध्येच आहे, भारतीय शाळेत शिकवते, सोळावं वर्ष. तुमचे जीडीपी आणि एक्स्चेंज राहू देत, आमच्याकडे एक साधा आकडा आहे: वर्षाच्या मध्येच किती मुलांचे दाखले निघाले.

मार्चमध्ये दाखले निघतातच, त्यात विशेष नाही. पण ऑक्टोबरमध्ये कोणी पाचवीतल्या मुलाचा दाखला न्यायला आलं की समजायचं, वडिलांना नोटीस मिळाली. २०१४ च्या हिवाळ्यात माझ्या वर्गात एकही नाही. २०१६ मध्ये दिवाळीनंतर तीन बाकं रिकामी. २०२० चं तर विचारूच नका, त्या वर्षी ओमान सोडून गेलेल्या परदेशी लोकांचा आकडा दोन लाखांच्या वर होता. मुलं ऑनलाइन वर्गात होती, त्यामुळे बाकं रिकामी झालेली दिसलीच नाहीत. एक मुलगा एके दिवशी स्क्रीनवर आला तर मागे आजी, पंखा आणि कोंबडा ओरडतोय. "मिस, आम्ही सांगलीला आलो." वर्ग त्याने तिथूनच पूर्ण केला.

आणि पुरुषमाणसं आधी परत जात नाहीत, हेही लक्षात घ्या. आधी बायको-मुलं पाठवतात, फ्लॅट सोडून शेअरिंगमध्ये खोली घेतात आणि वर्ष-दीड वर्ष ओढतात. त्यामुळे बाकं रिकामी होतात ती नोकऱ्या जायच्या आधी.

आगाऊ_कार्टं

@वाळूतली_वेल, कोंबड्याला हजेरीत धरलं का?

वाळूतली_वेल

त्याची हजेरी सगळ्यात नियमित होती.

चिरेवाला_खेड

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी ओमान बघितलेलं नाही. खेडला बांधकाम सामानाचं दुकान आहे, वडिलांपासून. आमच्या भागातली निम्मी गावं आखातावर. कुवेत, मस्कत, दोहा, कोण कुठे ते तोंडपाठ असतं, कारण उधारी तशीच द्यावी लागते.

आमच्याकडे तेलाचा भाव जोत्यावर कळतो. माणूस तिकडे लागला की तिसऱ्या वर्षी चिरे येऊन पडतात, जोतं होतं. मग सुट्टीला आला की भिंती, पुढच्या सुट्टीला स्लॅब. मधे काही बिनसलं की काम जिथल्या तिथे. पावसाळ्यात जोत्यावर गवत उगवतं. २०१७-१८ ला आमच्या रस्त्यावर अशी अकरा जोती मी मोजली होती.

पण माझ्या धंद्याचं सांगतो, ते तुमच्या टाकीवाल्या गणितात बसवून बघा. माझी सगळ्यात जास्त विक्री झाली ती २०१६ मध्ये! लाद्या, ग्रील, रंग, सगळं. मलाही वाटलं, तेल पडलं म्हणतात आणि इथे तर उलटंच. नंतर लक्षात आलं. माणसं परत येत होती. येताना हिशेबाचे पैसे, ग्रॅच्युइटी, सगळं एकदम घेऊन. आता परत जायचं नाही तर निदान घर तरी पुरं करू. एका गिऱ्हाईकाने एका दिवसात अख्ख्या वरच्या मजल्याच्या लाद्या रोख घेतल्या. मी विचारलं, आता सुट्टी किती? तो नुसता हसला. ती विक्री मोठी होती खरी, पण शेवटची होती. त्याच्या पुढची दोन वर्षं दुकानात माश्या मारल्या.

जुना_रुवीकर

@चिरेवाला_खेड, पहिल्याच प्रतिसादात तुम्ही मला गप्प केलंत. मीही परत आल्यावर तीन महिन्यांत फ्लॅटचं किचन नवं केलं होतं. ट्रॉल्या, चिमणी, ग्रॅनाइट. तेव्हा वाटलं होतं, मी फार हिशेबी माणूस.

सरासरी_माणूस

हे वर्गात सांगणार, परवानगी आहे ना? आम्ही गळती म्हणून शिकवतो: छोट्या आयातदार देशात सरकारने एक रियाल खर्च केला की त्यातला मोठा हिस्सा आयातीत आणि परदेशी कामगारांच्या पाठवणीत बाहेर जातो. त्यामुळे तेजी तिथे वाटते त्यापेक्षा कमी शिजते आणि मंदीही. बाकीची खेडला शिजते. २०२० च्या जनगणनेत ओमानची लोकसंख्या ४५ लाखांच्या आतबाहेर, त्यात जवळपास चाळीस टक्के परदेशी. आपल्याकडे मंदी आली की बेकारी वाढते. तिथे मंदी आली की लोकसंख्या कमी होते. बेकारी विमानात बसून निघून जाते आणि आपल्या आकड्यांत मोजली जाते, किंवा जातही नाही.

मांडवीकाठ

गोव्यातल्या डिचोलीहून. तेलाचा धागा आहे, पण हे सगळं आम्ही खनिजात भोगलंय म्हणून राहवत नाही. २००३ नंतर चीनला माल जायला लागला तेव्हा पूर्वी टाकून दिलेली मातीसुद्धा विकली गेली. ज्याच्या त्याच्या दारात टिपर. शेत विकून नाही, शेत पडीक टाकून टिपर घेतले, कारण धुळीत पीक येतच नव्हतं. मग २०१२ च्या सप्टेंबरात राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. २०१४ मध्ये बंदी उठली, २०१८ च्या मार्चमध्ये परत सगळं ठप्प. मांडवीत बार्जेस गंजत उभ्या राहिल्या.

आमच्याकडे भावाने नाही, कोर्टाने मारलं, तेवढा फरक. पण एकाच खुंटीला अख्खा गाव टांगला की खुंटी कोणी उपटली याला फार अर्थ उरत नाही. टायरवाला, गॅरेजवाला, चहाचा गाडा, सगळे एकाच दिवशी बसले. आमच्याकडे विमान नव्हतं पकडायला.

शंकेखोर

@मांडवीकाठ, शेवटच्या वाक्याला +१. मी धक्केच म्हणणार, पण हे वाचून जरा हळू आवाजात म्हणतो.

अवांतर: इकडे त्यांचं तेल पडलं तेव्हा आपलं पेट्रोल स्वस्त व्हायला हवं होतं ना? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने नऊ वेळा अबकारी कर वाढवला. त्यांची मंदी ती आपली स्वस्ताई असं म्हणतात, ती पंपापर्यंत पोचलीच नाही.

खमंगकाकू

तिकडेसुद्धा महागलं होतं ना पण? आमच्या वेळी पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त म्हणायचे.

वाळूतली_वेल

हो काकू. १२० बैसा (बैसा म्हणजे रियालचा हजारावा भाग) लिटर होतं, जानेवारी २०१६ मध्ये अनुदान काढलं आणि एका रात्रीत १६० झालं. पंपावर आदल्या रात्री रांगा. मग एकेक येत गेलं. वर्क परमिटची फी २०१ वरून ३०१ रियाल, २०१८ मध्ये ८७ प्रकारच्या कामांना नवे व्हिसा बंद, एप्रिल २०२१ पासून ५ टक्के व्हॅट. आता २०२८ पासून आयकरसुद्धा, पण तो वर्षाला ४२ हजार रियालच्या वर कमावणाऱ्यांना. आम्हा मास्तरांना त्याची चिंता नाही.

बैसा_बैसा

मी एरवी वाचनमात्र असतो, पण जुन्या नाण्यांचा नाद आहे म्हणून. बैसा म्हणजे आपलाच पैसा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळे रुपये छापायची, नोटेच्या क्रमांकाआधी झेड असायचा. जून १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, तशी बाकीची संस्थानं पटापट बाहेर पडली. मस्कतने तो १९७० पर्यंत चालवला. म्हणजे एके काळी तिथली मंदी दिल्लीत ठरायची, आता वॉशिंग्टनमध्ये ठरते.

रिगवरचा

वा! वाचनखूण साठवली.

पाचवा_मजला_घुब्रा

रुवीकरांच्या बिलाच्या गोष्टीवरून आठवलं. मी एका कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो, नाव घेत नाही. २०१९ मध्ये राजीनामा दिला तर म्हणाले, हिशेबाचे पैसे तीन हप्त्यांत देऊ. पहिला मिळाला, दुसरा मार्च २०२० मध्ये येणार होता. एप्रिलमध्ये अमेरिकेतलं तेल उणे ३७ डॉलर झालं त्या दिवशी आमच्या जुन्या ग्रुपवर विनोदांचा पूर आला होता, आता तेल न्या आणि वर पैसेही न्या. ओमानचं तेल काही शून्याखाली गेलं नाही, पण माझे दोन हप्ते गेले. आणि दुसरीकडे जावं तर तेव्हा जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं, नाहीतर दोन वर्षं बंदी. ती अट जानेवारी २०२१ मध्ये उठली. माझ्यानंतर!

मंदीचा सगळ्यात वाईट भाग छाटणी नसतो. मालक सोडतही नाही आणि पैसेही देत नाही, तो असतो.

आगाऊ_कार्टं

खल्ली वल्ली (सोडून द्या), दादा. (खरंच वाईट वाटलं.)

हिशेबी_हरी

नॉर्वेवरून माझी भरपूर टिंगल झाली, तरी परत येतो. २०२२ मध्ये युद्धामुळे भाव चढले तेव्हा ओमानने काय केलं? उधळलं नाही, कर्ज फेडलं. २०२० मध्ये कर्ज जीडीपीच्या सत्तर टक्क्यांच्या घरात होतं, २०२४ पर्यंत ते पस्तीसच्या आसपास आणलं. अर्थसंकल्पात भाव धरतात तोही हात राखून, २०२१ मध्ये ४५, २०२२ मध्ये ५० डॉलर. सप्टेंबर २०२४ मध्ये एस अँड पीने गुंतवणूकयोग्य दर्जा परत दिला. मग शिस्तीचा मुद्दा चुकीचा होता का?

रिगवरचा

नाही हरिभाऊ, इथे मानलं. छप्पर झाल्यावर एफडी.

सरासरी_माणूस

सहमत, पण शिस्तीची दुसरी बाजू पगारदाराने बघावी. सरकार कर्ज फेडतंय म्हणजे ते पैसे कंत्राटांत जात नाहीयेत. २०२२ मध्ये तेल शंभरावर होतं, तरी मस्कतमध्ये २०१३ सारखी क्रेनची गर्दी झाली नाही. म्हणजे जुना नियम, "भाव चढला, दोन वर्षांत भरती", आता तितका लागू नाही. चक्र सपाट करायचं ठरवलं की वरचं टोकही कापलं जातं. @जुना_रुवीकर, तुमच्या पुतण्याला २०१५ सारखं वर्ष बहुधा दिसणार नाही. २०१७ सारखंही कदाचित नाही.

जुना_रुवीकर

सगळ्यांचे आभार. एवढं वाचून मी पुतण्याला काल फोन केला. तेलाचा भाव बघू नकोस म्हटलं, मुलाखतीत दोनच गोष्टी विचार: कामं सरकारी किती आणि खाजगी किती, आणि सरकारी बिलांचे पैसे सरासरी किती दिवसांनी येतात. तिसरी गोष्ट मी सांगितली की २०२३ च्या नव्या कामगार कायद्याने प्रत्येक वर्षाला एक महिन्याच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी आहे, म्हणून ऑफरमध्ये मूळ पगार किती आणि भत्ते किती ते नीट बघ. तिथे सगळी गोम असते.

वाळूतली_वेल

मुलाखतीत कोणी असं विचारतं का! एचआरवाली हसली असेल.

जुना_रुवीकर

दोन दिवसांनी लिहितोय. हसली नाही म्हणे. म्हणाली थांबा, आणि अकाउंट्समधल्या माणसाला फोन जोडून दिला. मल्याळी गृहस्थ, बावीस वर्षं तिथेच. त्याने आधी विचारलं, "हा प्रश्न तुला कोणी शिकवला?" पुतण्याने माझ्या जुन्या कंपनीचं नाव सांगितलं. त्यावर तो दोन मिनिटं नुसता हसत होता आणि मग म्हणाला, "सध्या ऐंशी दिवस. दीडशेच्या वर गेले की मी स्वतः तुला सांगेन. तोवर ये."

वहिनींनी बॅग काढलीय.

चिरेवाला_खेड

शुभेच्छा. घर बांधायचं ठरलं तर चिरे आमच्याकडून घ्या, पुण्यात आणून टाकू.

खमंगकाकू

आणि त्याला म्हणावं पहिल्या सुट्टीला येताना सुरमई आणता येते का बघ. बर्फात.